मांडीतून पाय गेल्यावर: साधा गुडघा, कॉम्प्युटरवाला, मोटारवाला की कंबरेचा रोबो?

गुडघ्याखालून पाय गेला तर माणसाचा घोटा जातो. मांडीतून गेला तर घोटाही जातो आणि गुडघाही, आणि चालण्याच्या दृष्टीने या दोन्हींत फार मोठं अंतर आहे. आपण चालतो तेव्हा पाऊल उचलायच्या आधी पोटरी जमिनीला रेटा देते. त्या रेट्यानेच शरीर पुढे जातं. कृत्रिम पायाला पोटरी नसते, त्यामुळे उरलेल्या मांडीला सगळा पाय ओढून पुढे आणावा लागतो. कंबर एका बाजूने वर उचलली जाते, चांगला पाय दुप्पट राबतो, आणि सपाट रस्त्यावरसुद्धा माणसाला धाप लागते. त्यात गुडघ्याची भीती वेगळीच. वजन टाकलं आणि कृत्रिम गुडघा नको त्या क्षणी वाकला, की माणूस थेट खाली.

दमणं आणि पडणं, असे हे दोन त्रास आहेत. आज मिळणारी सगळी साधनं यातल्या एका किंवा दुसऱ्या त्रासावरचे इलाज आहेत. दोन्हींवर एकसारखा चालणारा इलाज अजून कुणाकडे नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नवा पाय लागलेल्यांना चालायला शिकवते. घरची मंडळी फोनवरचा व्हिडिओ दाखवून "मॅडम, कर्ज काढू, पण बाबांना हाच रोबोटिक पाय बसवू" म्हणतात, तेव्हा मी पहिल्यांदा एवढंच विचारते: बाबा दमतात जास्त, की पडतात जास्त? उत्तर बहुतेकांकडे नसतं. आठवडाभर नीट लक्ष ठेवलं की ते सापडतं, आणि निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

आधी सॉकेट, मग बाकी सगळं

पायाचा उरलेला भाग, म्हणजे स्टंप, ज्या कपात बसतो ते सॉकेट. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. पण चांगलं चालणं आणि वाईट चालणं यातला निम्म्याहून जास्त फरक तिथेच पडतो, असं माझं ठाम मत आहे.

तिशीतला एक तरुण आमच्याकडे परदेशी मायक्रोप्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरवाला, गुडघा लावून आला होता. घरच्यांनी जमीन विकून तो घेतला होता. एक जिना चढला की तो बसून घ्यायचा, आणि गुडघा फसवा निघाला असं म्हणायचा. त्याला सॉकेट काढायला लावलं. जांघेत सॉकेटच्या कडेने लालबुंद वळ उठला होता. स्टंपच्या टोकाला घाम साचून कातडी पांढरी, मऊ पडली होती. स्टंपवर एकावर एक चढवलेले जाड मोजे होते, कारण स्टंप बारीक झाला होता आणि सॉकेट आत डगडगत होतं. तो पाऊल टाकायचा तेव्हा आधी सॉकेटमध्ये स्टंप सरकायचा, मग पाय हलायचा. गुडघ्यातल्या सेन्सरना त्याची चाल कळणार कशी? पीओपीचा नवा साचा घेतला, नवं सॉकेट केलं, अलाइनमेंट, म्हणजे सॉकेट, गुडघा आणि पाऊल यांची एकमेकांशी जुळणी, पुन्हा लावली. गुडघा तोच ठेवला. तोच मुलगा नंतर जिना न थांबता चढू लागला.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात स्टंप आटत जातो. त्यामुळे पहिलं सॉकेट ढिलं होणार हे गृहीतच धरा. म्हणून कोटेशन घेताना सॉकेट, लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण), गुडघा आणि पाऊल यांच्या किमती वेगवेगळ्या लिहून मागा. मॉड्युलर, म्हणजे सुट्या भागांच्या, पायात सॉकेट बदललं तरी गुडघा तोच राहतो. सगळ्याचा एकच आकडा सांगणाऱ्याकडे वर्षभराने सॉकेट बदलायला गेलात, की पुन्हा घासाघीस सुरू होते. लायनरही झिजतो, फाटतो. त्याचा खर्च दरवर्षीच्या हिशेबात धरा.

साधा गुडघा

याला बॅटरी नाही, चार्जर नाही, आणि तो पावसात भिजला तरी काळजी नाही. जयपूर फूटची कहाणी महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास ते घडवलं. १९७५पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती ते मोफत बसवते. या पावलाची खरी करामत अशी, की ते बूट न घालता चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसासाठीच घडवलं गेलं. पण जयपूर फूट हे पाऊल आहे. मांडीतून पाय गेलेल्याला त्याच्यावर गुडघा लागतोच, आणि शिबिरात पाय घेताना हा गुडघा कोणता आहे हे फारसं कुणी विचारत नाही.

विचारायला हवं. साध्यातही प्रकार आहेत. चालताना खटका लावून सरळच ठेवायचा गुडघा फार वयस्कर किंवा फार अशक्त माणसाला ठीक. तरण्या माणसाने तो घेतला तर आयुष्यभर पाय बाजूने फिरवत चालेल आणि कंबर धरेल. एकाच आसावर वाकणारा गुडघा स्वस्त असतो, पण पटकन दगा देतो. चार दांड्यांचा, म्हणजे पॉलिसेंट्रिक गुडघा, उभं राहताना जास्त स्थिर असतो आणि पाय पुढे टाकताना पाऊल जमिनीला घासत नाही. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीसोबत केलेला स्वस्त गुडघा याच जातीचा. २००९मध्ये टाइम साप्ताहिकाने वर्षातल्या पन्नास उत्तम शोधांत त्याला जागा दिली होती. आयआयटी मद्रासने २०२२मध्ये आणलेला 'कदम' हाही पॉलिसेंट्रिकच. तो १६० अंशांपर्यंत वाकतो. हा आकडा कागदावर कोरडा वाटेल, पण रिक्षात बसताना, एसटीच्या दोन सीटच्या मधे पाय मुडपताना त्याची किंमत कळते.

साध्या गुडघ्याची अडचण वेगाची आहे. तो एका ठरावीक चालीला लावलेला असतो. घाईने निघालात तर खालचा पाय मागे रेंगाळतो, मग झटक्याने पुढे येतो. उतारावर आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जोडावे लागतात, आधी कृत्रिम आणि मग चांगला. आणि चालताना मनाचा एक कोपरा सतत गुडघ्याकडे असतो. तो वाकणार नाही ना, दगड लागणार नाही ना. हा ताण बाहेरच्याला दिसत नाही.

तरीही शेतात काम करणारा माणूस, सर्व्हिस सेंटरपासून लांब राहणारा माणूस आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेला जवळपास प्रत्येक माणूस, यांच्यासाठी मी चांगला पॉलिसेंट्रिक गुडघाच सुचवते. पुण्याला वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. ते लष्कराचं असलं तरी नागरिकांनाही तिथे पाय मिळतात. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. दोन्हीकडे माप घेणारी माणसं अनुभवी आहेत, आणि सुरुवात तिथून केली तर नुकसान नाही. पावलाच्या बाबतीतही आता स्वस्त पर्याय येत आहेत. डीआरडीओ आणि बीबीनगरच्या एम्सने जुलै २०२५मध्ये कार्बन फायबरचं देशी पाऊल पुढे आणलं. आयात केलेलं तसं पाऊल दोन लाखांच्या घरात जातं, हे वीस हजारांच्या आत बसेल असं त्यांनी सांगितलं.

कॉम्प्युटरवाला गुडघा

इथे लोकांची सगळ्यात मोठी फसगत होते, म्हणून सांगते. बाजारात 'रोबोटिक पाय' म्हणून जे दाखवतात, त्यातल्या बहुतेकांत मोटार नसते. मायक्रोप्रोसेसर गुडघा तुम्हाला ढकलत नाही, उचलत नाही. तो फक्त अडवतो. दारावरचा हायड्रॉलिक क्लोजर जसं दार धाडकन आपटू देत नाही, तसा हा गुडघा वाकण्याला कमी-जास्त विरोध करतो. फरक इतकाच, की हा विरोध किती असावा हे तो स्वतः ठरवतो. गुडघ्याचा कोन किती, पायावर वजन किती, हे सेन्सर सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा मोजतात आणि तेलाची झडप त्याप्रमाणे उघडते किंवा आवळते.

इंग्लंडच्या ब्लॅचफर्डने १९९३मध्ये असा पहिला गुडघा बाजारात आणला. तो पाय पुढे टाकतानाचा वेग तेवढा सांभाळायचा. जर्मनीच्या ऑटोबॉकचा सी-लेग १९९७मध्ये आला आणि त्याने वजन टाकतानाचा भागही कॉम्प्युटरच्या ताब्यात दिला. खरा बदल तिथे झाला. बोट दगडाला अडकलं आणि पाय पूर्ण सरळ व्हायच्या आतच त्यावर वजन आलं, तर साधा गुडघा कोसळतो. हा आवळून धरतो. तोल सावरायला तेवढी उसंत पुरते. उतार एकामागून एक पाऊल टाकत उतरता येतो, जिनासुद्धा. मान वर करून, बोलत चालणं जमायला लागतं. पेशंटच्या घरचे मला हेच आधी सांगतात, की आता बाबा बोलत बोलत चालतात.

मी वरच्या दोन त्रासांचं बोलले, त्यातला पडण्याचा त्रास या गुडघ्याने खरोखर कमी होतो. याबाबत अभ्यासही भरपूर झाले आहेत आणि ते एकाच बाजूला बोट दाखवतात. आधी समज अशी होती, की हा गुडघा भरपूर चालणाऱ्या, धडधाकट लोकांसाठीच. आता ती बदलते आहे. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने सप्टेंबर २०२४पासून कमी चालणाऱ्या, घर आणि आसपासचा परिसर एवढंच फिरणाऱ्या लोकांनाही तो मंजूर करायला सुरुवात केली. ते योग्यच झालं. पडण्याने मोडणारी हाडं साठीच्या माणसाचीच असतात.

दमणं मात्र त्याने फार कमी होत नाही. रेटा देणारं त्यात काही नाहीच. हे आधी नीट समजून घेतलं नाही, तर मोठी रक्कम खर्चूनही माणूस "दम तर तसाच लागतो" म्हणत नाराज होतो.

पाणी आणि बॅटरी यांत मॉडेलनुसार फरक आहे. सी-लेग ४ पावसात चालतो, साध्या पाण्यात पडला तरी लगेच बिघडत नाही, पण पोहायला तो नाही. बॅटरी सुमारे दोन दिवस जाते. ऑटोबॉकचाच, अमेरिकी सैन्यासोबत विकसित झालेला जीनियम एक्स-३ खाऱ्या पाण्यातही चालतो आणि त्याची बॅटरी सुमारे पाच दिवस पुरते. कोकणात, समुद्रावर काम असणाऱ्याने हा फरक विचारात घ्यावा. लोडशेडिंगच्या गावात राहणाऱ्यानेही घ्यावा. बॅटरी संपली की असे गुडघे कडक होऊन सुरक्षित अवस्थेत जातात. माणूस पडत नाही, पण उरलेली वाट काठी टेकत काढावी लागते.

किमतीचा अंदाज हवा असेल तर इस्रोचे आकडे घ्या. सप्टेंबर २०२२मध्ये तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने आपला मायक्रोप्रोसेसर गुडघा जाहीर केला. तेव्हा आयात केलेले असे पाय १० ते ६० लाखांना पडतात आणि आपला ४ ते ५ लाखांत बसेल, असं सांगितलं होतं. त्यांचा गुडघा १.६ किलोचा, आणि चाचणीत एका व्यक्तीने तो लावून जवळजवळ आधाराशिवाय १०० मीटर अंतर कापलं. रॉकेटवाल्यांनी हे मनावर घेतलं याचा मला मनापासून आनंद आहे. कृत्रिम अवयव बनवणारी कानपूरची सरकारी कंपनी अ‍ॅलिम्को त्यांच्यासोबत आहे, तेव्हा अ‍ॅलिम्कोच्या केंद्रात गेलात तर याची चौकशी जरूर करा.

मोटारवाला गुडघा

यात मात्र मोटार खरोखर असते. आइसलँडच्या ऑसूर कंपनीने २००६मध्ये पॉवर नी आणला आणि २०२२मध्ये त्याची बरीच सुधारलेली आवृत्ती काढली. खुर्चीतून उठताना हा गुडघा स्वतः सरळ होतो आणि माणसाला वर उचलायला हातभार लावतो. जिना चढताना कृत्रिम पायावर वजन देऊन वर जाता येतं, जे वरच्या दोन्ही प्रकारांत फार थोड्यांना जमतं. दोन्ही पाय गेलेल्यांना, किंवा दुसरा पाय संधिवाताने दुखत असलेल्यांना याचा उपयोग मोठा आहे. कारण मग सगळं काम त्या एका दुखऱ्या पायावर येत नाही.

पण वजन बघा. सी-लेग ४ सव्वा किलोच्या आसपास आहे, मोटारवाला गुडघा अडीच किलोच्या वर जातो. हे वजन स्टंपला, सॉकेटला लोंबतं. स्टंप आखूड असेल तर ते पेलणं फार अवघड. बॅटरी साधारण दिवसभराची, म्हणजे रोज रात्री चार्जिंग हवंच. किंमत मायक्रोप्रोसेसर गुडघ्याच्या वरच्या टोकाला. आणि मोटार चाललेली ऐकू येते. देवळात किंवा सभेत बसून उठताना तो आवाज काही जणांना फार खटकतो. मी याला नखरा म्हणणार नाही. पाय रोज लावून चारचौघांत वावरायचं असतं, तेव्हा असली गोष्ट मोठीच असते.

गुडघ्याखालून पाय गेलेल्यांसाठी मोटारवाला घोटाही आहे. एमआयटीचे ह्यू हर यांच्या कामातून तो निघाला. १९८२मध्ये गिर्यारोहण करताना बर्फात अडकून त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय गुडघ्याखालून गेले. त्यांच्या कंपनीचं ते तंत्रज्ञान २०१७मध्ये ऑटोबॉककडे आलं आणि एम्पॉवर या नावाने विकलं गेलं. २०१२मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात हा घोटा लावल्यावर सात जणांच्या चालण्याला नेहमीच्या पावलापेक्षा सुमारे आठ टक्के कमी शक्ती लागली. पुढच्या अभ्यासांत मात्र सगळ्यांनाच असा फायदा झाला नाही. तुम्ही रोज दोन-चार किलोमीटर चालणारे असाल तरच याचा विचार करा.

युटाह विद्यापीठात तोमासो लेंझी यांच्या प्रयोगशाळेने गुडघा, घोटा आणि बोटं, तिन्हींना शक्ती देणारा ३.२ किलोचा पाय बनवला. तो २०२२मध्ये शास्त्रीय जगासमोर आला आणि ऑटोबॉकने त्या तंत्रज्ञानासाठी विद्यापीठाशी हात मिळवला. आज तो घ्यायचा पर्याय नाही, पण पाच-सात वर्षांनी गुडघा बदलायची वेळ येईल तेव्हा कदाचित असेल.

कंबरेचा रोबो

युटाहच्या याच प्रयोगशाळेची दुसरी कल्पना मला जास्त आवडते. कृत्रिम पायाला हात न लावता, जो साधा किंवा कॉम्प्युटरवाला पाय तुम्ही वापरता तोच ठेवून, कंबरेला एक एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगावर बाहेरून चढवायचा यांत्रिक सांगाडा, बांधायचं. त्याचे पट्टे कंबरेला आणि दोन्ही मांड्यांना. खुब्याच्या दोन्ही बाजूंच्या मोटारी मांडीला योग्य क्षणी पुढे ओढतात, मागे रेटतात. सगळ्याचं वजन सुमारे अडीच किलो.

ऑक्टोबर २०२१मध्ये नेचर मेडिसिनमध्ये त्याचे निकाल आले. मांडीतून पाय गेलेल्या सहा जणांना ट्रेडमिलवर चालवलं. रोबो लावल्यावर चालण्याला लागणारी शक्ती सरासरी १५.६ टक्क्यांनी कमी झाली. पाठीवरची सुमारे १२ किलोंची सॅक काढून ठेवल्यासारखा हा फरक, असं संशोधकांनी त्याचं वर्णन केलं. दमण्याच्या त्रासावर इतका ठळक परिणाम फार कमी साधनांचा दिसला आहे.

कारण कळलं की ही कल्पना किती चोख आहे ते लक्षात येतं. मोटारवाला गुडघाही अडीच किलोच्या घरातला आणि हा रोबोही अडीच किलोचाच. पण गुडघ्याचं वजन पायाला टांगलेलं, ते प्रत्येक पावलाला हवेत झुलवावं लागतं. जितकं वजन पायाच्या टोकाकडे, तितकी ते झुलवायला शक्ती जास्त. कंबरेवरचं वजन झुलवावं लागत नाही, ते फक्त वाहून न्यायचं. शिवाय पोटरी नसल्यामुळे सगळी मेहनत खुब्याच्या स्नायूंवर येते, आणि हा रोबो मदत करतो ती बरोबर तिथेच. सॉकेटवर जास्तीचा ताण येत नाही. वीज संपली तर पट्टा सोडून ठेवता येतो, पाय जागच्या जागी राहतो.

मग तो का घ्यायचा नाही? कारण तो अजून प्रयोगशाळेचा आहे. सहा माणसं, ट्रेडमिल, ठरावीक वेग. आपल्याकडच्या चढउताराच्या बोळात, खड्ड्यांच्या फूटपाथवर, मे महिन्याच्या घामात त्याची परीक्षा झालेली नाही. पडण्याच्या त्रासावर त्याचा काही इलाज नाही, गुडघा खाली तोच आहे. काही पेशंटचं सॉकेट कंबरेच्या सिलेशियन पट्ट्याने धरलेलं असतं. त्यांना त्याच जागी दुसरा पट्टा बांधणं कठीण जाईल. साडी नेसणाऱ्या बाईला मांडीचे पट्टे कुठे आणि कसे बांधायचे, हेही अजून कुणी सोडवलेलं नाही.

ट्रेकिंग करणाऱ्यांसाठी आणि दमणाऱ्या ज्येष्ठांसाठी कंबरेला बांधायची मोटारीची साधनं ऑनलाइन मिळू लागली आहेत. दिसायला तशीच असतात, म्हणून ती कृत्रिम पायावर चालतील असं वाटू शकतं. ती दोन सारख्या, धडधाकट पायांच्या चालीवर बेतलेली असतात. तुमची चाल दोन बाजूंना वेगळी असते. मोटारीने चुकीच्या क्षणी मांडी ओढली तर त्याच पावलाला गुडघा दगा देईल. माझ्या पेशंटना मी ती घेऊ देत नाही.

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर

थोडं विषयाबाहेर जाते, पण यावर पुढचं सगळं ठरतं. मधुमेहाने पाय काळा पडत चाललेला असेल किंवा अपघातानंतर निर्णय व्हायचा असेल, तर सर्जनना एकच प्रश्न ठामपणे विचारा: गुडघा वाचेल का? जीव धोक्यात घालून नव्हे, पण शक्यता असेल तर दुसरं मत जरूर घ्या. वर वर्णन केलेला कोणताही यांत्रिक गुडघा स्वतःच्या गुडघ्याची बरोबरी करत नाही.

एमआयटीत ह्यू हर यांच्या गटाने पाय कापतानाच समोरच्या आणि मागच्या स्नायूंच्या जोड्या एकमेकांना जोडून ठेवण्याची पद्धत काढली आहे. २०२४मध्ये त्यांनी दाखवलं, की गुडघ्याखाली अशी शस्त्रक्रिया झालेले सात जण, नेहमीची शस्त्रक्रिया झालेल्या सात जणांपेक्षा, मेंदूच्या इशाऱ्यावर चालणारा पाय लावून ४१ टक्के जास्त वेगाने चालू शकले. मांडीतून पाय गेलेल्याला आज याचा थेट उपयोग नाही. पण पुढच्या काळातले चांगले पाय कुणाला जास्त उपयोगी पडतील, हे ऑपरेशनच्या टेबलावरच थोडंफार ठरणार आहे.

मग कुणी काय घ्यावं

बार्शीकडचे एक शेतकरी काका माझ्याकडे येतात. मुलांनी त्यांना मायक्रोप्रोसेसर गुडघा घ्यायचं ठरवलं होतं. मी काकांना विचारलं, दिवसभर काय करता? "बांधावर जातो, म्हशी बघतो, दुपारी अंगणात बसतो. पावसाळ्यात निम्मा दिवस चिखलात." पडता का? "काठी असते की हातात. पडलो तरी मातीतच." त्यांना मी पॉलिसेंट्रिक गुडघा, जयपूर फूट आणि उत्तम सॉकेट सुचवलं. वाचलेल्या पैशांत घरात कमोड बसवा, न्हाणीघरात धरायला दांडी लावा असं मुलांना सांगितलं.

तेवढेच पैसे असतील तर बँकेत नोकरी करणाऱ्या, लोकलने ये-जा करणाऱ्या बाईंना मी बिनधास्त मायक्रोप्रोसेसर गुडघा घ्यायला सांगेन. गर्दीत धक्का लागणं, पुलाचे जिने उतरणं, वेळ गाठायला चाल बदलणं, हे सगळं तिथे रोज होतं. तिथलं पडणं मातीत होत नाही. शिवाय त्यांना अजून वीस वर्षं कमवायचं आहे.

साठी ओलांडलेले, मधुमेह असलेले, दुसऱ्या पायाची खात्री नसलेले, आणि आधीच एक-दोनदा पडलेले असतील तर पुन्हा मायक्रोप्रोसेसरच, पण साधं, कमी चालणाऱ्यांसाठीचं मॉडेल. घरचे इथे उलट विचार करतात. वय झालं, आता कशाला एवढा खर्च, म्हणतात. माझ्या मते तरुण माणूस साध्या गुडघ्यावर निभावून नेतो, वयस्कर नेत नाही.

मोटारवाला गुडघा मी फार थोड्यांना सुचवेन: स्टंप लांब आणि मजबूत, सॉकेट जमलेलं, दुसरा पाय दुखरा, जिने चढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ज्या शहरात राहतात तिथे सर्व्हिस आहे. यातली एक गोष्ट नसली तरी थांबा. कंबरेच्या रोबोसाठी तर आज पैसे बाजूला ठेवण्याचीही गरज नाही. तो येईल तेव्हा तुमच्या आत्ताच्या पायावरच बांधता येईल. खुब्याचे आणि पोटाचे स्नायू मात्र आत्तापासून मजबूत ठेवा. पालथं झोपून मांडी मागे उचलायचा व्यायाम रोज करा. खुबा पुढे आखडला तर कोणतंही यंत्र उपयोगी पडत नाही.

पैसे देण्याआधी

दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, आधी काढून घ्या. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीवर साधे पाय मिळतात, ईएसआयच्या कामगारांनाही कृत्रिम अवयव मिळतात. पाय वाहन अपघातात गेला असेल तर दावा लावताना वकिलांना सांगा, की कृत्रिम पाय एकदाच घ्यायचा नसतो. तो काही वर्षांनी बदलावा लागतो आणि त्याची देखभाल असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये अशा एका प्रकरणात पाय बदलण्याचा आणि देखभालीचा खर्च भरपाईत धरला होता. दाव्यात हे आधी मागितलं नाही तर नंतर मिळवणं अवघड जातं.

गुडघा ट्रायलवर मागा. चांगले विक्रेते देतात. ट्रायल गुळगुळीत फरशीच्या खोलीत संपवू नका. तुम्ही रोज घालता तीच चप्पल किंवा बूट घेऊन जा, कारण टाचेची उंची बदलली की अलाइनमेंट बदलते. बाहेरचा उतार उतरा, जिना उतरा, खालच्या खुर्चीतून उठा, जमिनीवर बसून पुन्हा उभं राहा, रिक्षात बसा. संध्याकाळी, दमलेले असताना पुन्हा एकदा चाला. सकाळी सगळेच गुडघे चांगले वाटतात. सॉकेट काढल्यावर स्टंपवरचा लाल डाग किती वेळात जातो तेही बघा. बराच वेळ तसाच राहिला तर सॉकेट दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नका.

हमी किती वर्षांची, मधली सर्व्हिस त्यात धरली आहे का, आणि दुरुस्ती महाराष्ट्रात होते की गुडघा परदेशी पाठवावा लागतो, हे विचारा. गुडघा दुरुस्तीला गेला तर तेवढे दिवस वापरायला बदली गुडघा मिळेल का, हे लेखी घ्या. आणि जुना साधा पाय कुणाला देऊन टाकू नका. त्याचं सॉकेट बसतं तोवर तो घरात असू द्या.